बार्शी लाइट रेल्वे

महाराष्ट्रातील एक भूतपूर्व अरुंदमापी लोहमार्ग. लातूर, बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर व मिरज ही गावे जोडणाऱ्या या मार्गाची एकूण लांबी सु. ३२५ किमी. (२०२ मैल) असून त्याच्या दोन रुळांमधील अंतर ७६२ मिमी. (२ फुट ६ इंच) होते. बार्शी व बार्शी रोड (नंतरचे कुर्डुवाडी) या स्थानकांदरम्यान तो १८९७ मध्ये प्रथम खुला झाला, १९११ पर्यंत लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचला. १९५४ मध्ये तो भारत सरकारने विकत घेतला व मध्य रेल्वेत समाविष्ट केला. २००१ नंतरच्या सुमारे दहा वर्षांत त्याचे टप्प्याटप्प्याने रुंदमापी मार्गात रूपांतर करण्यात आले. अभियांत्रिकीच्या इतिहासात हलक्या लोहमार्गाचा एक आदर्श म्हणून त्याचा निर्देश केला जातो. सोलापूर, धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद), लातूर व सांगली या जिल्ह्यांतील जुन्या पिढीच्या स्मरणात तो ‘बार्शी लाइट’ या नावाने राहिला आहे. या नावातील ‘लाइट’ या शब्दाचा दिव्याशी संबंध नाही. कमी वजनाचे रूळ व कमी भाराची वाहने असलेला, अल्प खर्चात बांधलेला लोहमार्ग असा त्याचा अर्थ आहे.

पार्श्वभूमी : ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा पुण्याहून सोलापूरकडे जाणारा मार्ग १८५९ मध्ये आजच्या कुर्डुवाडीपर्यंत आला. तेथील स्थानकाला जवळच्या एखाद्या खेड्याचे नाव न देता सु. ३४ किमी. दूर असलेल्या बार्शीच्या नावावरून ‘बार्शी रोड’ असे नाव देण्यात आले. बार्शीच्या बाजारपेठेचे तत्कालीन महत्त्व यावरून लक्षात येते. बार्शी तालुका ब्रिटिश मुलखात असला, तरी त्याला निजामाच्या हैदराबाद संस्थानाच्या प्रदेशाने बव्हंशी वेढलेले होते. बालाघाटावरील कापूस, गळिताची धान्ये व ज्वारी बार्शीत येत आणि तेथून बैलगाड्यांनी बार्शी रोडला जात. काळ्या जमिनीतून जाणारा हा रस्ता पावसाळ्यात चिखलाने अडे आणि मालाचा खोळंबा होई. मुख्य लोहमार्गाला पूरक असा एखादा स्वस्त फाटा काढावा, ही कल्पना या गरजेतून पुढे आली.

ती प्रत्यक्षात आणणारा अभियंता एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप (१८५७–१९२७) हा १८८२ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आला होता. अरुंदमापी मार्गांचा त्याने बारकाईने अभ्यास केला आणि नोकरी सोडून या योजनेचा पाठपुरावा केला. सरकारशी अनेक वर्षे वाटाघाटी झाल्यावर १८९५ मध्ये लंडन येथे बार्शी लाइट रेल्वे कंपनीची स्थापना झाली. मार्ग खुला झाला ते वर्ष (१८९७) दख्खनमधील मोठ्या दुष्काळाचे होते. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात वैमानिकांसाठी हवाई छत्री तयार करणारा संशोधक म्हणूनही कॅलथ्रॉप प्रसिद्धीस आला.

रचना व वैशिष्ट्ये : रूळ किती जड असावेत हे गाडीच्या एकूण वजनावर ठरत नसून एका आसावर किती भार पडतो यावर ठरते. सामान्यतः एंजिनाच्या आसांवरील भार वाघिणींच्या आसांवरील भारापेक्षा बराच अधिक असतो. त्यामुळे गाडीतील एकाच वाहनाखातर संपूर्ण मार्ग भक्कम व खर्चिक करावा लागतो. कॅलथ्रॉपने एंजिन, डबे व वाघिणी या सर्वांचा कमाल आसभार सु. ५ टन इतका एकसारखा ठेवला. त्यामुळे दर यार्डास ३० पौंड (दर मीटरला सु. १५ किग्रॅ.) वजनाचे हलके रूळ पुरेसे ठरले. एंजिनाचे वजन विभागले जावे म्हणून लीड्स येथील किटसन कंपनीकडून आठ जोडचाकांची पाच एंजिने करून घेण्यात आली. वाघिणींचे सांगाडे दाबून आकार दिलेल्या पोलादी पत्र्यांचे होते. त्यामुळे वाघिणीचे स्वतःचे वजन कमी होऊन तीत अधिक माल भरता येई. हिंदुस्थानात पाठविण्यापूर्वी या वाहनांची लीड्सजवळ तात्पुरता मार्ग टाकून चाचणी घेण्यात आली आणि ती पाहण्यासाठी अभियंत्यांना पाचारण करण्यात आले. थोड्या अवधीत मार्ग टाकून सैन्य व सामग्री हलविण्याच्या दृष्टीने लष्करी अधिकाऱ्यांनाही या प्रयोगात स्वारस्य होते.

विस्तार : बार्शीहून पूर्वेकडे पांगरी, येडशी, तडवळे, ढोकी व मुरूड असा मार्ग वाढत जाऊन १९११ मध्ये लातूरला पोहोचला. कुर्डुवाडीहून दक्षिणेकडे पंढरपूरचा फाटा काढण्यात आला. पुढे तो सांगोले, जत रोड, ढालगाव व कवठे महांकाळ या स्थानकांवरून १९२७ मध्ये मिरजेस नेण्यात आला. मुंबई इलाखा, हैदराबाद संस्थान आणि दक्षिण महाराष्ट्रातील लहान संस्थाने अशा वेगवेगळ्या राजवटींचे प्रदेश या मार्गाने एकत्र जोडले. मिरजेत त्याची दक्षिणेकडील मीटरमापी मार्गाशी गाठ पडली. १९७१ मध्ये पुणे–मिरज मार्ग रुंदमापी झाल्यावर काही काळ रुंदमापी, मीटरमापी व अरुंदमापी अशा तिन्ही मापांच्या गाड्या मिरजेत येत.

समाजजीवनातील स्थान : या मार्गामुळे सर्वांत मोठे स्थित्यंतर कुर्डुवाडीत घडले. स्थानक, मालधक्का, कर्मचाऱ्यांची वसाहत आणि कंपनीची दुरुस्ती-कार्यशाळा यांच्याभोवती हे गाव वाढले आणि कालांतराने स्थानकालाही त्याचे स्वतःचे नाव मिळाले. दोन मापांचे मार्ग एकत्र येत असल्याने लातूर-बार्शीकडून आलेले प्रत्येक पोते लहान वाघिणीतून उतरवून मोठ्या वाघिणीत चढवावे लागे. व्यापाऱ्याच्या दृष्टीने हा खर्च व विलंब होता. हमालाच्या दृष्टीने ती रोजची भाकरी होती. मार्गाच्या अंताची कारणे आणि त्याविषयीची हळहळ या दोहोंचे मूळ बव्हंशी या एका गोष्टीत सापडते.

पंढरपूरच्या आषाढी व कार्तिकी यात्रांच्या वेळी मार्गावरील वाहतूक शिगेला पोहोचे. नेहमीच्या गाड्या अपुऱ्या पडत व जादा गाड्या सोडाव्या लागत. तथापि रेल्वेमुळे पायी वारी बंद पडली नाही. दिंडीबरोबर पायी जाणे आणि परतताना गाडीने येणे, किंवा घरातील वृद्धांनी गाडीने व तरुणांनी पायी जाणे, अशी सोयीची वाटणी होऊ शकली. सीमाभागातील शेतकरी बाजारासाठी, विद्यार्थी शाळा-महाविद्यालयांसाठी आणि कामकरी वर्ग बार्शीतील गिरण्यांसाठी या गाडीवर अवलंबून राहिला.

मार्गावरील लहान स्थानकांनाही स्वतःचा इतिहास आहे. तडवळे (कसबे तडवळे) येथे १९४१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद भरली होती. हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या काळात (१९४७–४८) बार्शी व भोवतालच्या सरहद्दीवर कार्यकर्त्यांची शिबिरे होती. संस्थानी हद्दीतून ब्रिटिश, व नंतर स्वतंत्र भारताच्या, हद्दीत जाणाऱ्या माणसांच्या दृष्टीने येडशी ते बार्शी या प्रवासाचा अर्थ केवळ अंतराचा नव्हता.

लोकस्मृतीत मात्र गाडीची संथ गती सर्वाधिक टिकून आहे. चढावर गाडीतून उतरून पुन्हा चढता येत असे, ओळखीच्या प्रवाशासाठी ती थांबे, अशा गोष्टी महाराष्ट्रातील बहुतेक अरुंदमापी गाड्यांविषयी सांगितल्या जातात. त्या जशाच्या तशा इतिहास म्हणून स्वीकारता येत नाहीत. तरीही वेळापत्रक व दर यांच्या नोंदींत न सापडणारे एक सत्य त्यांत आहे : ही रेल्वे तिच्या प्रवाशांना दूरच्या सत्तेचे यंत्र न वाटता गावातील एक ओळखीची संस्था वाटत होती.

ऱ्हास व रूपांतर : रस्ते सुधारून मोटारगाड्यांची व पुढे राज्य परिवहनाच्या गाड्यांची वाहतूक वाढल्यावर या मार्गाचे मूळ बळ हीच त्याची मर्यादा ठरली. हलक्या रुळांवर वेग व भार वाढविणे शक्य नव्हते. मालमोटार शेतकऱ्याच्या खळ्यावरून निघून थेट पेठेत जाई. रेल्वेने पाठविलेला माल मात्र कुर्डुवाडीत उतरवून पुन्हा भरावा लागे. लातूर हे मराठवाड्यातील प्रमुख व्यापारी केंद्र झाल्यानंतर रुंदमापी मार्गाची मागणी तेथे सातत्याने होत राहिली. १९९२ पासून भारतीय रेल्वेने एकच माप ठेवण्याचे धोरण हाती घेतल्यावर या मागणीला गती मिळाली. कुर्डुवाडी–पंढरपूर, लातूर–धाराशिव (२००७), धाराशिव–कुर्डुवाडी (२००८) आणि अखेरीस पंढरपूर–मिरज अशा क्रमाने रूपांतर पूर्ण झाले.

रूपांतर होताना जुना मार्ग सर्वत्र कायम राहिला नाही. पूर्वीची गाडी धाराशिव या जिल्ह्याच्या ठिकाणाला वगळून जात होती. नवा मार्ग त्या शहरावरून नेण्यात आल्यामुळे पांगरी व येडशी यांच्या दरम्यान बालाघाटाच्या उतारावरून जाणारा जुना मार्ग सोडून देण्यात आला. लातूर शहरातही रुंदमापी स्थानक वेगळ्या जागी झाले. जुन्या मार्गाची शहरातील पट्टी रस्त्याच्या रूपाने वापरात आली असून तो भाग आजही ‘जुनी रेल्वे लाइन’ याच नावाने ओळखला जातो. रूळ गेले, तरी पत्त्यामध्ये रेल्वे टिकून राहिली, असे याचे स्वरूप आहे.

कॅलथ्रॉपचा दुसरा मार्ग : बार्शीच्या परित्यक्त भागांचा विचार करताना एक तुलना विशेष उद्बोधक ठरते. बार्शीचा अनुभव गाठीशी असलेल्या कॅलथ्रॉपने इंग्लंडमधील स्टॅफर्डशर परगण्यात लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली लाइट रेल्वे हा सु. १३ किमी. लांबीचा मार्ग बांधला. त्याचे माप बार्शीप्रमाणेच ७६२ मिमी. होते, एंजिनेही किटसन कंपनीचीच होती, आणि मोठे पुढील दिवे व सज्जे असलेले डबे यांमुळे इंग्लंडच्या ग्रामीण भागात ही गाडी काहीशी हिंदुस्थानी वाटे. १९०४ मध्ये खुला झालेला हा मार्ग मुख्यतः दुधाच्या वाहतुकीवर चालत होता. ती वाहतूक रस्त्याकडे वळल्यावर १९३४ मध्ये तो बंद पडला. रूळ काढल्यावर रेल्वे कंपनीने मार्गाची सलग जमीन परगण्याच्या स्थानिक शासनाच्या हवाली केली आणि १९३७ मध्ये ती पायवाट म्हणून लोकांना खुली झाली. पुढे तिचा काही भाग एका बोगद्यासह मोटाररस्त्यासाठी वापरात आला. उरलेल्या भागावर आजही पादचारी व सायकलस्वार जातात. बंद पडलेल्या लोहमार्गाचा विहारासाठी पुनर्वापर करण्याच्या जगातील आरंभीच्या उदाहरणांत या वाटेची गणना होते. अशा रीतीने एकाच अभियंत्याच्या दोन मार्गांची गती भिन्न झाली : तीस वर्षे चाललेला इंग्लंडमधील लहान मार्ग पायवाट म्हणून जिवंत राहिला, तर शतकाहून अधिक काळ चाललेल्या बार्शी मार्गाचा बहुतेक भाग रुंदमापी मार्गात विलीन झाला आणि सोडून दिलेल्या भागाकडे फारसे लक्ष गेले नाही.

पुनर्वापराची तत्त्वे : परित्यक्त लोहमार्ग पायी किंवा सायकलने फिरण्यास योग्य ठरतो, याचे कारण त्याच्या रचनेत आहे. एंजिनाला तीव्र चढ झेपत नसल्याने मार्गाचा उतार सौम्य व वळणे रुंद ठेवलेली असतात. ओढ्यांवर मोऱ्या व पूल, सखल भागात भराव आणि टेकड्यांत खोदलेल्या खिंडी आधीच तयार असतात. मात्र या सर्वांचे मूल्य पट्टी सलग असेपर्यंतच असते. मधला एखादा तुकडा शेतीत, वस्तीत किंवा इमारतीखाली गेला, की उरलेले तुकडे कोठेच नेत नाहीत. ही जाणीव ठेवून अमेरिकेत १९८३ मध्ये कायद्यात तरतूद करण्यात आली. तीनुसार बंद मार्गाची पट्टी मोडून न टाकता पायवाट म्हणून वापरता येते आणि भविष्यात गरज पडल्यास तेथे पुन्हा रेल्वे आणता येते. स्पेनमध्ये १९९३ पासून परित्यक्त मार्गांचे ‘हरित मार्गां’त रूपांतर करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम राबविला जात आहे.

महाराष्ट्रात या दृष्टीने पाहण्यासारखी काही उदाहरणे आहेत. बोरघाटातील, १८६३ च्या मूळ मार्गावरील, गाडीची दिशा बदलण्याचे स्थानक १९२९ मध्ये नव्या बोगद्यांमुळे निकामी झाले; त्याचे अवशेष खंडाळ्याच्या परिसरात आहेत. विदर्भातील यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर या ‘शकुंतला’ नावाने परिचित असलेल्या अरुंदमापी मार्गावरील गाड्या बंद झाल्या असून तेथील लोकांची मागणी पायवाटेची नसून रेल्वे पुन्हा सुरू करण्याची आहे. नवी मुंबईच्या पूर्वेस असलेला नेरळ–माथेरान मार्ग (१९०७) आरंभापासून विहारासाठी बांधलेला असून तो अद्याप चालू आहे. २००५ च्या अतिवृष्टीने तो उद्ध्वस्त झाला व २००७ मध्ये पुन्हा सुरू झाला. २०१९ मध्ये पुन्हा खंडित झालेली नेरळपासूनची वाहतूक २०२२ मध्ये पूर्ववत झाली. या गाडीच्या देखभालीतील मोठी कामे कुर्डुवाडीच्या कार्यशाळेत होतात. बार्शी मार्गावरील अरुंदमापी वाहने नाहीशी झाली, तरी त्यांच्याभोवती निर्माण झालेले कारागिरीचे ज्ञान अशा प्रकारे दुसऱ्या मार्गाच्या उपयोगी पडले. नागपूर येथील मोतीबाग भागात २००२ पासून अरुंदमापी रेल्वेचे संग्रहालय आहे. परंतु एंजिन जतन करणे आणि मार्ग जतन करणे ही दोन भिन्न कार्ये आहेत.

बालाघाटातील परित्यक्त भागाचा विचार येथे प्रस्तुत ठरतो. याच डोंगररांगेत रामलिंगाचे प्राचीन देवस्थान आणि येडशी रामलिंग घाट वन्यजीव अभयारण्य आहे. पर्जन्यमान कमी असलेल्या या मुलखात पावसाळ्यानंतरचे हिरवे डोंगर हे स्थानिकांचे मोठे आकर्षण असते. जुन्या मार्गाची पट्टी पादचाऱ्यांसाठी राखली, तर देवस्थान, वन आणि रेल्वेचा इतिहास एका वाटेवर येऊ शकतील. तथापि परदेशातील योजना येथे जशीच्या तशी उचलता येणार नाही. जमीन रेल्वेची, परिसर वनखात्याचा व लगतची शेते खाजगी असल्याने तिघांचीही संमती लागेल. उन्हाळ्यात सावली व पाणी नसलेली वाट निरुपयोगी ठरेल. अभयारण्यात माणसांची वर्दळ किती असावी, हेही ठरवावे लागेल. शिवाय ग्रामीण माणसाला निव्वळ हिंडण्यासाठी हिंडणे अपरिचित असले, तरी यात्रेसाठी चालणे मुळीच अपरिचित नाही. ज्या प्रदेशातून शतकानुशतके दिंड्या जात आल्या, तेथे अशा वाटेचा पहिला उपयोग सहलीपेक्षा यात्रेसाठी होण्याचा संभव अधिक आहे आणि तिचे नियोजन हे ध्यानात घेऊनच करावे लागेल.

सलग मार्गाचे महत्त्व : अशा पट्टीचे मोल केवळ विहारापुरते नसते, याचा प्रत्यय २०१६ च्या दुष्काळात आला. लातूर शहराचे जलस्रोत आटल्यावर एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी पाठविण्यात आले. पहिल्या गाडीच्या १० वाघिणींतून सु. ५ लाख लिटर पाणी लातूरला पोहोचले. पुढे ५० वाघिणींच्या गाड्यांतून एका खेपेस सु. २५ लाख लिटर पाणी जाऊ लागले. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर असा या ‘जलदूत’ गाडीचा मार्ग होता. काही स्थानिक बदल वगळता तो संपूर्ण बार्शी लाइट रेल्वेचाच मार्ग होय. पाच टनांच्या आसभारासाठी आखलेली आणि कापसाच्या गाठी व यात्रेकरू नेणारी पट्टी रुंदमापी होऊन टिकली, म्हणूनच कृष्णाकाठचे पाणी मांजरेच्या खोऱ्यातील तहानलेल्या शहरापर्यंत पोहोचू शकले. ज्या व्यापाऱ्यांनी व नागरिकांनी अरुंद मार्ग मोडून रुंद मार्ग मागितला, त्यांची मागणी यथार्थ होती, हे या घटनेने दाखविले. एखाद्या पट्टीचा पुढील उपयोग कोणता असेल हे आधी सांगता येत नाही, हेही तिच्यावरून स्पष्ट होते. मिरजेकडील मार्ग बांधताना लातूरला पाणी पोहोचविण्याचा विचार कोणीही केला नव्हता.

अवशेष : बार्शी लाइट रेल्वेचा इतिहास आज अनेक ठिकाणी विखुरलेला आहे. कुर्डुवाडीची कार्यशाळा, मार्गावरील जुन्या इमारती, ओढ्यांवरील मोऱ्या, बालाघाटातील भराव व खिंडी आणि लातूरमधील रस्त्याचे नाव ही त्याची दृश्य साधने होत. गार्ड, चालक, गँगमन, हमाल व प्रवासी यांच्या आठवणी ही त्याची दुसरी आणि अधिक नाशवंत साधने आहेत. अरुंदमापी गाडी प्रौढ वयात चालविलेल्या किंवा दुरुस्त केलेल्या माणसांची संख्या वर्षागणिक कमी होत आहे. त्यांच्याकडील तपशील—कोणत्या चढावर किती वाफ लागे, यात्रेत किती डबे जोडले जात, माल एका वाघिणीतून दुसरीत भरण्याची मजुरी कशी ठरे—वेळीच नोंदविला गेला, तर मार्गाच्या भौतिक अवशेषांना अर्थ प्राप्त होईल. एरवी बालाघाटातील भराव पुढील पिढीला मातीचा एक लांबट उंचवटा एवढाच दिसेल.